सहावी रेघ

जोमाकाका गेल्याचं मला पनवेलच्या एस.टी. स्टँडवर कळलं. उरणच्या गाडीची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात आमच्या गावचा बामा गर्दीतून वाट काढत आला, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "जोमाकाका गेला. सकालीच. तुला निरोप आला नाय काय?" निरोप आला नव्हता. निरोप घेऊन निघालेला माणूस तोच होता, पण ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या सकाळी काकानं पेज मागितली आणि पेज चुलीवरून उतरायच्या आत तो गेला. एवढंच. त्याला कोणाला ताटकळत ठेवायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सूचना लागली. सेवानिवृत्त खलाशी जोमा हाशा घरत यांचे निधन झाले, अशी एक ओळ. नव्यानं आलेल्या एका कारकुनानं विचारलं, घरत म्हणजे तो मातीवर वजनं ठेवून बसायचा तोच ना? दुसरा म्हणाला, हो, पगार खाऊन माती दाबायचा. चारजण हसले. घरी आलो आणि कागद पुढे ओढला. त्याला आता दीड महिना झाला, कागद अनेक फाडले... पण लिहिणार हे तेव्हाच ठरलं होतं. एका खलाशासाठी रविवारच्या पुरवणीत जागा कशाला, असं कोणाला वाटलं तर वाटू दे. पूल उभा राहिला की उद्घाटनाच्या फोटोत कोण कोण होतं हे सगळ्यांना पाठ असतं. त्या पुलाखालची माती कोणी तपासली ते मला माहीत आहे, आणि ते सांगायला आता मीच उरलो आहे.

एक आधी सांगतो. मी काकाला गावात 'अरे काका'च म्हणायचो, म्हणून इथंही 'तो'च लिहिणार. कचेरीतही त्याला 'तो'च म्हणत. त्यांचा 'तो' वेगळा आणि माझा वेगळा.

आमचं गाव खाडीकाठचं. माझा बाप आणि जोमाकाका एकाच मिठागरात राबायचे. चाळीस-बेचाळीस सालची गोष्ट, मी तेव्हा मुलाण्यांच्या पडवीत भरणाऱ्या शाळेत पाटी घेऊन जायचो. पावसाळा सरला की मिठागराचा तळ तुडवावा लागतो. गुडघ्याला हात टेकून माणसं रांगेनं चिखल तुडवत जायची. पुढे, मागे, पुन्हा पुढे, टाचेचा ठसा उमटेनासा होईपर्यंत. जोमाकाका तुडवून झाल्यावर एका पायावर उभा राहायचा, मग दुसऱ्या, आणि सांगायचा की इथं गेल्या साली रास होती, इथं नव्हती. मला वाटायचं हा थापा मारतो. पण मिठाची रास रचली की कळायचं. जिथं आधी रास होऊन गेलेली असे तिथं नवी रास तळ दाबत नसे. जिथं नव्हती तिथं ती वीतभर खाली जायची. आणि जुन्या जागीसुद्धा मुकादमानं हाव धरून गेल्या सालापेक्षा उंच रास चढवली, की तळ सुटायचा. काका सांगायचा, माती एकदा जेवढा भार सोसते तेवढा ती ओळखते, त्याच्या आत तिला काही वाटत नाही. मी लहान होतो, ऐकलं आणि विसरलो. पुढे भर उधाणात बांध फुटला, मिठागर खाऱ्या चिखलात गेलं आणि माणसं पांगली. बाप भातशेतीला लागला. जोमाकाका खाडीत बोअरिंग करणाऱ्या एका टोळीबरोबर गेला. नळ्या ठोकायच्या, खालची माती वर काढायची, मेण लावून बंद करायची. त्यातूनच तो खात्याच्या माती तपासणीच्या शेडमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे पडेल ते काम करणारा मदतनीस म्हणून, चिकटला. गाढी नदीच्या अंगाला, पत्र्याची शेड, तीन भिंती विटांच्या आणि आतून चुना मारलेला.

मी बी.एस्सी. झालो. गावातला पहिला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला त्याचा अभिमान होता आणि आहे. बापानं पदवीचा कागद पत्र्याच्या नळीत घालून आढ्याला टांगला, उंदरांच्या भीतीनं. आणि माझी नेमणूक झाली ती नेमकी त्याच शेडमध्ये, कनिष्ठ सहायक म्हणून. पहिल्या दिवशी जोमाकाका दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, "या सायेब." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आडोशाला घेऊन म्हटलं, काका, असं बोलू नको. तो म्हणाला, "तुला कोन बोलतो? मी खुर्चीला बोलतो. तू गावात ये, मग सांगतो तू कोन त्या."

आमचं काम कसं असे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाडीवर मोठा पूल व्हायचा होता. वरचा काळा चिखल नुसती लापशी, त्यावर कोणी पाया घालणार नव्हतं. त्याखाली एक निबर चिकणमाती लागायची, पिवळट-निळी, इतकी कडक की तासताना तार तुटायची. प्रश्न असा होता की पुलाचे खांब त्या निबर मातीवर टेकवायचे, की तिला भेदून खाली खडकापर्यंत जायचं. खडकापर्यंत जायचं म्हणजे आणखी एक हंगाम आणि दुप्पट काम. म्हणून त्या मातीची मोठ्या पेढ्याएवढी चकती कापायची, पितळी कड्यात बसवायची, खालीवर पाणी झिरपणारे दगड ठेवायचे आणि तरफेच्या दांडीनं तिच्यावर भार द्यायचा. एका चौरस सेंटिमीटरवर आधी अर्धा किलो, चोवीस तासांनी एक, मग दोन, चार, आठ... रोज दुप्पट. पाव मिनिटाला, एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस मिनिटांना डायलची सुई वाचायची आणि मग दुसऱ्या दिवशी. माती किती बसते ते सुई सांगते.

आमचं यंत्र आठपर्यंतच जायचं. मुंबईच्या नकाशेवाल्यांनी कळवलं की खांबांचा भार पाहता सोळा आणि बत्तीसपर्यंत दाबून दाखवा. यंत्र कोण देणार? कोणी नाही. तेव्हा जोमाकाकानं मला पनवेलच्या बैलगाडीची चाकं करणाऱ्या लोहाराकडे नेलं. ज्या हातांनी तो चाकांवर लोखंडी धाव चढवायचा त्याच हातांनी त्यानं आम्हाला लांब दांडी ठोकून दिली. वजनं हवी होती. नुकतेच शेर-मण बाद होऊन किलो आले होते आणि बाजारातल्या दुकानांत जुनी वजनं धूळ खात पडली होती. काका दाऊदभाई धान्यवाल्याकडे गेला. दाऊदभाईंनी गोणपाट उचलून दाखवलं आणि म्हणाले, "ले जाव जोमा, पण बघ हां, हे पाप तुझ्या तराजूत. आता ह्यांनी तोललं तर मला दंड होतो." काका म्हणाला, धान्य नाही, चिखल तोलायचा आहे. दाऊदभाई बराच वेळ हसत होते. चिखल तोलणारं सरकार त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, असं त्यांनी पुढे सगळ्या बाजाराला सांगितलं.

दांडी बसवल्यावर काकानं एक उद्योग केला. दांडीच्या टोकाला सुतळीनं शिसपेन्सिलीचा तुकडा बांधला, असा की तो मागच्या चुन्याच्या भिंतीला जेमतेम टेकावा. माती बसली की दांडीचं टोक खाली जाणार आणि पेन्सिल भिंतीवर रेघ ओढणार. दुसऱ्या दिवशी दांडी स्क्रूनं पुन्हा सरळ करायची आणि पेन्सिल बोटभर बाजूला बांधायची. म्हणजे दर दिवसाची रेघ शेजारी शेजारी. मी म्हटलं, काका, आपल्याकडे डायल आहे, हा पोरखेळ कशाला? तो म्हणाला, डायल तुला वाचता येते, मला भिंत येते.

चाचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती निबर माती पाणी पिऊन उलट वर उठली, रेघ दाणाभर खालून वर गेली. काका खूश झाला. "दाबली तर उठते. आपल्या गावातली दिसते ही." पुढचे चार दिवस तिनं दाद दिली नाही. भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या रेघा. आठ किलोलाही तेवढीच. मी काकाला म्हटलं, ही दगड आहे, सोळालाही असंच होणार. तो मान हलवत म्हणाला, हिच्यावर कधीतरी मोठा भार येऊन गेलाय, आपण अजून तिथवर पोचलेलो नाही.

सहाव्या दिवशी सोळाचा भार द्यायचा होता, आणि त्याच दिवशी काकाच्या मुलीची हळद होती. तो आदल्या संध्याकाळी गावी गेला. जाताना एवढंच म्हणाला, "सुईवर डोला ठेव." मी सकाळी भार दिला. पंचवीस मिनिटांपर्यंत वाचन घेतलं. खरं सांगतो, सुई नेहमीपेक्षा थोडी जास्त सरकत होती. मला ते दिसलं होतं. पण गावात हळद म्हणजे सगळं गाव तिथं, माझे मित्र तिथं, आणि पदवीवाला पोरगा आला नाही तर 'मोठा सायेब झाला' असं ऐकावं लागलं असतं. मी शेडला कुलूप लावलं आणि गेलो. नाचलो, जेवलो, हळदीनं माखलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर दांडी कललेली. मी एक क्षणही असा विचार केला नाही की भाराखाली मातीच सुटली असेल. मला वाटलं, गावठी दांडी, लोहाराची खीळ सरकली. चार दिवस जी माती हलली नाही ती आज का हलेल? मी स्क्रू फिरवून दांडी सरळ केली आणि वहीत आधीच्या चार दिवसांच्या अंदाजानं आकडा बसवला. सुबक, टापटीप, रांगेत बसणारा आकडा. तेवढ्यात आमचे साहेब आले. त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला जायचं होतं. म्हणाले, बत्तीसचं नंतर बघू, सोळापर्यंतचा कागद आत्ता द्या. मी दिला. त्यावर माझी सही होती. त्या कागदाचा अर्थ एवढाच होता की खांब निबर मातीवर खुशाल टेकवा.

सकाळी जोमाकाका आला. कानामागे हळद तशीच. त्यानं आधी भिंत पाहिली, मग दांडी, मग मला विचारलं की वहीत काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं. तो भिंतीजवळ गेला आणि सहाव्या रेघेवर आपलं बोट उभं ठेवलं. रेघ बोटाएवढी होती. पाच तांदळाचे दाणे आणि शेजारी एक आख्खं बोट.

"ह्यो आकडा तुजा हाय," तो म्हणाला. "सुईचा नाय."

मी खीळ सरकल्याचं सांगितलं. त्यानं खीळ दाखवली. ती होती तिथंच होती. मी त्याला म्हटलं, काका, साहेबांना सांगितलं तर माझी नोकरी जाईल. खोटी नोंद म्हणजे घरी बसवतील. बापानं काय खाऊन मला शिकवलं ते तुला माहीत आहे. आपण गुपचूप बत्तीसला नीट वाचन घेऊ, पुढच्या कागदात दुरुस्त करू... मी जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. लाज वाटते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी तुजी एकट्याची हाय," तो म्हणाला. "पुलावरना जानार ती आपली सगली हायत. चल."

माझ्या दंडाला धरून त्यानं मला साहेबांच्या टेबलापुढे उभं केलं. मी सांगितलं. साहेबांचा कागद बॅगेत गेला होता, मोटार बाहेर उभी होती. साहेब वाईट माणूस नव्हते, पण घाईत होते, आणि वरून त्यांनाही कोणीतरी दाबत होतं. ते म्हणाले की दांडी लोहाराची, वजनं बाजारातली, तिथं सोळाला काहीतरी हललं असेल, म्हणून सगळं थांबवायचं का? जोमाकाका म्हणाला की भिंतीवर रेघ आहे, येऊन बघा. साहेब चिडले. "घरत, तुला लिहिता-वाचता तरी येतं का?"

"नाय येत, सायेब," काका म्हणाला. "म्हनून तर माज्या हातना खोटा लिवला जात नाय."

मला वाटलं आता दोघंही गेलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मग उठून शेडमध्ये आले. रेघा पाहिल्या. त्यांची शंका मात्र गेली नव्हती, दांडीच वाकली असेल तर? ह्यावर काका जे बोलला ते बी.एस्सी. होऊनही मला सुचलं नव्हतं. म्हणाला, मातीच्या जागी लोखंडाची चकती ठेवा, तोच भार द्या आणि लोखंडाची रेघ किती येते बघा. लोहाराकडून चकती आणली. सोळाचा भार दिला. चोवीस तासांनी भिंतीवर केसाएवढी खूण. साहेबांनी मोटार आदल्या दिवशीच रिकामी परत पाठवली होती.

मग नवी नळी फोडली, नवी चकती कापली आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्धा, एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. मग भार उतरवत परत. त्या दोन आठवड्यांत जोमाकाका लेकीच्या पाचपरतावणालाही गेला नाही. त्याची बायको शेडच्या दाराशी येऊन माझ्यासमोर त्याला बोलून गेली की लेकीपेक्षा तुला चिखल मोठा. तो म्हणाला, लेक त्याच पुलावरून माहेरी येईल. ह्यावर ती म्हणाली की पूल होईस्तोवर लेक म्हातारी होईल, आणि डबा ठेवून गेली. दुसऱ्या खेपेलाही माती आठपर्यंत हटून बसली आणि सोळाला सुटली. बत्तीसला तर दोन बोटं. मी पुस्तक उघडलं. त्यात हेच होतं की निबर मातीनं पूर्वी कधी सोसलेला सर्वांत मोठा भार ओलांडला की ती वेगळी वागते. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव होतं, आलेख होता. मिठागराच्या तळावर एका पायावर उभा राहिलेला माणूस मला डोळ्यांपुढे दिसला. मी पुस्तक मिटलं. शिकल्याचा पस्तावा मला कधी झाला नाही, त्या दिवशीही नाही. पण ऐकलं होतं आणि विसरलो होतो, ह्याचा झाला.

खांब खडकापर्यंत गेले. पूल उभा आहे. त्याच्यावरून मी दर आठवड्याला जातो. मला खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद मिळाली, साहेबांनी नोकरी मात्र राखली. ते ताकीदपत्र मी लपवलं नाही. पदवीच्याच नळीत घातलं, दोन्ही एकत्र गुंडाळून. आहे तसं आहे.

एक गोष्ट मात्र बोचते. पक्का अहवाल टंकून आला तेव्हा काका म्हणाला, वाचून दाखव. मी पानन् पान मराठीत सांगितलं. चाचणी करणारा, माझं नाव. तपासणारा, साहेबांचं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग विचारलं, "ह्यात माजा नाव कुठं येतो?" मी सांगितलं, काका, अशा कागदात खलाशाचं नाव घालत नाहीत. तो 'बरं' म्हणाला आणि दगड धुवायला गेला. बस. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही आणि मीही साहेबांकडे जाऊन भांडलो नाही. आकडा खोटा लिहिला त्याची ताकीद मिळाली. ह्याची कोणी दिली नाही.

त्याला बिचारा म्हणू नका. मला तसं म्हणणारे भेटले, कचेरीतले, चांगल्या मनाचे. शिकला असता तर कुठे गेला असता, म्हणाले. तो कुठेही जायचा नव्हता. जिथं होता तिथं त्यानं एका साहेबाला, एका पदवीला आणि एका घाईला जागच्या जागी थांबवलं. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावरही तो बाजाराच्या दिवशी शेडमध्ये डोकावायचा. आत यायचा, डायलच्या काचेवर नखानं एकदा टिचकी मारायचा, सुई अडकली नाही ना ते बघायचा आणि निघायचा. चहासुद्धा नाही.

परवा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, शेडला चुना मारायला माणूस आला. नवं यंत्र यायचं आहे म्हणे, परदेशी, स्वतः रेघा ओढणारं. कुंचला बादलीत बुडवून तो त्या भिंतीपाशी गेला, तसा मी मध्ये उभा राहिलो. तो म्हणाला, साहेब, सगळ्या भिंती मारायची ऑर्डर आहे. मी म्हटलं, बाकी सगळ्या मार. तो माझ्याकडे आणि भिंतीकडे बघत राहिला. त्याला दिसत होत्या पेन्सिलीच्या चारदोन मळक्या रेघा. आता तीन बाजूंनी पांढराशुभ्र चुना आहे आणि मध्ये दोन हात जुनी भिंत... पाच दाणे आणि एक बोट.

त्याखाली मी शिसपेन्सिलीनं लिहिलं. 'चाचणी करणारा : जोमा हाशा घरत.' खाली माझी सही केली, म्हणजे कोणी लिहिलं हे शोधायचे कष्ट नकोत. सरकारी भिंतीवर लिहिणं हा अपराध आहे, मला माहीत आहे. वरून पत्र येईल. येऊ दे. नळीत जागा आहे.